उणे तीनचं अर्धं

मला लिहायची सवय नाही. चार ओळी लिहिल्या की तीन खोडतो. पण गेले काही दिवस जेवण गोड लागत नाही, आणि या विषयावर घरात बोलायची मला बंदी आहे. म्हणून लिहितो.

आमची सून लिफ्टच्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. लिफ्टने कुठे थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, रिकामी असताना कोणत्या मजल्यावर उभं राहायचं, हे सगळं त्या प्रोग्राममध्ये असतं. तो ज्या भाषेत लिहितात ती भाषा तिला लग्नाआधीपासून येते. 'येते' हा माझा शब्द. ती स्वतः तसं कधी म्हणत नाही.

तिची एक खोड आहे. काहीही विचारा, आठवणीवर उत्तर देत नाही. गॅस बंद केलास का? "बघून सांगते." दाराला कडी घातलीस का? "बघून सांगते." आणि खरंच उठून बघते. आमच्या हिने तिचं नाव बघूनबाई ठेवलंय. मुलगा म्हणतो, "लग्नाचं विचारलं तेव्हाही हेच म्हणाली होती."

"बघितलं की नीट," ती म्हणते. "तरी चूक व्हायची ती झालीच."

एकदा ती कपड्यांच्या घड्या घालत असताना मी विचारलं, "ही भाषा पूर्ण यायला किती दिवस लागतात गं?"

"शब्द काय बाबा, पटकन पाठ होतात. पण आपण लिहिलं एक आणि यंत्राने केलं भलतंच, तर ते का केलं हे कळायला लागलं की थोडी येते म्हणायचं. आणि आपली खात्री कुठे नाही ते ओळखता यायला लागलं, की बरी येते."

"आणि पूर्ण?"

"बघून सांगते."

तेव्हा मी हसलो होतो.

मध्यंतरी त्यांच्या विभागाच्या प्रमुखबाई निवृत्त झाल्या. प्रमुखाने हो म्हटल्याशिवाय कुठलाही प्रोग्राम लिफ्टमध्ये चढत नाही. ते हो म्हणायचं काम सुनेला हवं होतं. "घाईत हो म्हणणारं माणूस तिथे नको," एवढंच ती म्हणायची. दुसरे उमेदवार तिच्याच विभागातले. त्यांना सगळे तोफ म्हणतात, कारण प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर सुटतं.

कंपनीने बाहेरून परीक्षक बोलावले. तोंडी परीक्षा. धडाधड प्रश्न, धडाधड उत्तरं, समोर कॉम्प्युटर नाही. म्हणजे स्वयंपाक येतो का ते बघायचं, पण शेगडीजवळ जाऊ द्यायचं नाही. हे ज्या शहाण्याला सुचलं त्याचं तोंड मला एकदा बघायचं आहे.

सरावाला परीक्षकांकडूनच प्रश्नोत्तरांचं एक पुस्तक मिळालं होतं. संध्याकाळी मी प्रश्न वाचायचो, ती उत्तरं द्यायची. बिचारीने सगळं पाठ केलं. एक दिवस प्रश्न आला, उणे तीनला दोनने भागलं तर ही भाषा कोणता पूर्ण आकडा देते?

"उणे एक."

"पुस्तकात उणे दोन आहे."

"थांबा, बघून सांगते." तिने कॉम्प्युटर उघडला, एक ओळ लिहिली, चालवली. उणे एकच आलं.

मला काही उमगेना. तिने समजावलं. "उणे तीनचं अर्धं उणे दीड. पूर्ण आकडा हवा, तर वरच्या अर्ध्याचं काय करायचं हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. काही भाषा खाली उणे दोनकडे ढकलतात, आमची वर शून्याकडे ओढते, म्हणून उणे एक. पुस्तकवाल्याने दुसऱ्या भाषेचं उत्तर उचललं असणार."

"एवढ्याने काय बिघडतं?"

"पार्किंगच्या इमारतीत जमिनीखालचे मजले असतात ना, उणे एक, उणे दोन, उणे तीन. रिकामी लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबवायची तर हेच गणित लागतं. एका इमारतीत ती रोज भलत्याच मजल्यावर जाऊन उभी राहायची. ते शोधता शोधता माझा जीव गेला. तिथला वॉचमन म्हणायचा, ताई, तुमची लिफ्टच गाडी कुठे लावली ते विसरते."

आतून मुलगा म्हणाला, "उणे दोन सांग आणि मोकळी हो. परीक्षा झाली की कर तुझं उणे एक."

"अरे, ज्या कामासाठी परीक्षा आहे, ते काम हेच तर आहे."

परीक्षेत नेमका तो प्रश्न आला. तोवर तिने सगळं फडाफडा सांगितलं होतं. इथे म्हणाली, "पुस्तकात उणे दोन दिलंय, पण येतं उणे एक. मी चालवून बघितलंय. तुम्हीही बघा, लगेच कळेल."

परीक्षक म्हणाले, "मॅडम, आम्ही इथे तपासायला बसलोय, शिकायला नाही."

शेरा मिळाला, 'भाषेचं ज्ञान साधारण, वाद घालतात.' जागा तोफेला गेली.

पुढच्या रविवारी तोफ स्वतः घरी आले. माणूस तसा हसतमुख. चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, उणे एक येतं हे मलाही माहीत होतं हो. पण त्यांना उणे दोन हवं होतं, देऊन टाकलं. तुम्ही उगाच ताणलंत."

मी पाहुण्यांसमोर बोलणारा माणूस नाही. पण तोंडातून निघून गेलं, "मग उद्या लिफ्टला हो म्हणताना काय द्याल? जे येतं ते, की जे समोरच्याला हवं असेल ते?"

"काका, तुम्ही भारी आहात," म्हणून ते हसले आणि कप खाली ठेवला.

ते गेल्यावर सुनेने मला झापलं. "बाबा, मला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय. पुन्हा हा विषय नको. प्रोग्राम अजून मीच तपासणार आहे ना?"

"तपासशील गं. पण हो कोण म्हणणार?"

ती कप उचलून आत गेली.

न येणाऱ्याला जागा मिळाली असती तर मी गप्प बसलो असतो. पण याला येत होतं, आणि तरी त्याने उणे दोन सांगितलं. आमच्या इमारतीतली लिफ्ट त्याच कंपनीची आहे. मी हल्ली जिन्याने जातो. गुडघे ओरडतात. ओरडू देत.