चिठ्ठीची तारीख

नारायण पेठेतल्या आमच्या मेडिकलवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही, हे जास्त खरं. चिठ्ठी हातात दिली की औषधाचं नाव ते नंतर बघतात, आधी तारीख. जुनी निघाली तर नाही म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, चिठ्ठी आपल्याकडे फिरवतात आणि म्हणतात, "तारीख वाचा. मोठ्याने." मग चार गिऱ्हाइकांसमोर ती वाचायची आणि आल्या पावली परत फिरायचं.

परवा माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या. चिठ्ठीची मुदत उलटलेली आणि डॉक्टर लेकीच्या लग्नासाठी गावाला. दवाखान्यातून उत्तर मिळालं, "सोमवारी या."

"अहो काका, इतकी वर्षं तुमच्याकडूनच घेतोय. सोमवारपर्यंतच्या तरी द्या."

"तारीख वाचा."

मी वाचली. आवाज चढलाच माझा. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून एक स्ट्रिप काढून पुढे सरकवली. गोळी माझीच, तेवढ्याच पॉवरची. त्यात दोन उरल्या होत्या.

"ही दुकानातली नाही, माझी आहे. पाकीट आत ठेवा."

"आणि तुम्हाला?"

"सोमवारी. आपले डॉक्टर एकच."

त्यांच्यामागची कपाटं छतापर्यंत औषधांनी भरलेली होती. "अहो, दुकान तुमचंच आहे," मी म्हणालो, "घ्या की त्यातली!"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ड्रॉवरमधून स्वतःची चिठ्ठी काढली आणि माझ्याकडे फिरवली.

"वाचा. मोठ्याने."