दोरा दातानं तोडू नका!

कुठल्याही लग्नात जा आणि नुसतं सांगा, की मी दातांना तारा लावणारी डॉक्टर आहे. जेवणाच्या रांगेतच ओपीडी सुरू होते! कुणी स्वतःचा जबडा दाखवतं, कुणी लेकीचा. प्रश्न ठरलेले असतात. दुखतं का, किती दिवस लागतात, काय खायचं नाही. गारखेड्यात दवाखाना टाकून पंधरा वर्षं झाली, त्यामुळे उत्तरं मला तोंडपाठ आहेत. किस्से मात्र उत्तरं देऊन झाल्यावर घडतात, आणि तेच साठत जातात.

आमच्या रिसेप्शनवर रुबीना बसते. नवा पेशंट आला की ती आत डोकावून हळूच सांगते, "मॅडम, एक 'कित्ते दिन लगते' आए!" दीड-दोन वर्षं, हे उत्तर तीच परस्पर देऊन टाकते आणि वर धीरही देते. "मेरे भाई का घर बनने कू पाँच साल लगे. दांत तो जल्दी होते!"

मंदाताईही अशाच आल्या, हर्सूलहून, लेक कावेरीला घेऊन. त्या घरी शाळेचे गणवेश शिवतात. "लई दुखतं का ओ? भाकर चावंल का?" सगळे प्रश्न तोंडावर पदर धरून. उपचारांआधी फोटो काढायचा असतो, तसा मी कावेरीचा काढला आणि सहज म्हटलं, "या ताई, तुमचाही काढते." त्या उठून सरळ बाहेर गेल्या.

"आईचा हसतानाचा एक पण फोटो नाही मॅडम," कावेरी म्हणाली. "लग्नातला बी नाही."

मंदाताईंचे वरचे दोन दात बरेच पुढे होते. हसू आलं की पदर वर जायचा.

खाण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे शिकलेल्या माणसाचाही हिवाळ्यात भरवसा नाही. एका प्राध्यापकांना मी बजावलं होतं, कडक काही चावायचं नाही. सोमवारी सकाळी फोन आला, तार तुटली.

"काय खाल्लं सर?"

"काही नाही हो, शेतावर हुरडा. कोवळा होता!"

"आणि?"

"आणि... थोडासा ऊस."

मागून त्यांच्या मिसेसचा आवाज आला, "चार कांडकी, डॉक्टर!"

तारा काढल्या की आम्ही रिटेनर देतो. दातांना जुनी जागा आठवत राहते. त्यांना नव्या जागी धरून ठेवायला तो रोज झोपताना घालायचा असतो. एका मुलीच्या वडिलांना मी म्हटलं होतं, "जिवापाड जपा." सहा महिन्यांनी मुलगी आली तर पुढचा दात परत तिरका!

"रिटेनर घालतेस ना?"

उत्तर वडिलांनीच दिलं, तेही अभिमानानं. "हात लावू दिला नाही मॅडम! पहिल्या दिवसापासून कपाटात, कुलपात आहे!"

त्यांच्यासमोर मी हसले, पण नंतर वाईट वाटलं. जपायचं म्हणजे काय करायचं, हे मी नीट सांगितलंच नव्हतं.

कावेरीच्या तारा निघाल्या त्या दिवशी मंदाताई दारातून परत फिरल्या. "एक इचारू का? याला वय किती चालतं?"

"कुणाचं वय?"

"असंच. बायांचं."

"हिरड्या चांगल्या असतील तर पन्नाशीतही चालतं."

"मंग मला पंचेचाळीस लागलंय."

तारा बसल्या. पण महिन्याभरात पुढच्या दातावरचं, तार धरून ठेवणारं बटण निघालं. परत लावलं, परत निघालं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. "ताई, दोरा दातानं तोडता ना?"

"व्हय," त्या खाली बघत म्हणाल्या. "पंचवीस वर्षांची सवय हाय. कात्री जवळ असती, पर तोंडच आधी जातं."

पुढच्या वेळी आल्या तेव्हा गळ्यात मंगळसूत्राशेजारी नाडीला बांधलेली छोटी कात्री होती! "कावेरीनं बांधली. म्हणली, आता इसरून दाखव."

गल्लीतल्या बाया त्यांना विचारायच्या, या वयात कुणाला दाखवायचंय? ऐकून मलाच राग यायचा. त्या मात्र शांतपणे म्हणायच्या, "म्या म्हणलं, मला." बटण परत कधी निघालं नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या तारा काढल्या. कावेरीला पुण्यात नर्सची नोकरी लागली होती, दोन दिवसांनी ती निघणार होती. "मॅडम, मला आईचा फोटो न्यायचाय. हसतानाचा."

मंदाताईंनी आरसा घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. सगळे दात एका ओळीत होते.

मी कॅमेरा धरला. "हसा ताई."

त्या हसल्या, अगदी मनापासून. आणि पदर तोंडावर!

"अगं बाई! परत घ्या." परत घेतला. परत पदर. तिसऱ्यांदा रुबीना हसली, चौथ्यांदाही पदर वर गेला.

"हात माझं ऐकंना मॅडम," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू.

कावेरी खुर्चीपाशी खाली बसली, आईचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि वर बघत म्हणाली, "आता हस."

फोटो सुंदर आला. रुबीनानं तो स्क्रीनवर मोठा केला. खाली कडेला मंदाताईंची मनगटं आणि त्यांवर कावेरीची बोटं दिसत होती.

"मॅडम, ये नीचे के हाथां काट देऊ?"

मी काही म्हणायच्या आत मंदाताई बोलल्या, पदराशिवाय.

"नको गं. ते ऱ्हाऊ दे."