खांड्याची बोथट कड

ज्याने जिभेला वाणी दिली आणि तिला आवर म्हणून दातांचे कुंपण घातले, त्या दयाघनाला आधी दंडवत. मग मास्तरांचे चरित्र. कुंपण त्यांनाही मिळाले होते. वापरले नाही, इतकेच.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले, शिकवण्यातून नव्हे. भाजी निवडणाऱ्या बायकोला ते देठाची व्युत्पत्ती सांगत. ती शिवणयंत्रावर घर चालवी आणि कान बंद ठेवी. तिच्या दिवंगत वडिलांची एकच खूण भिंतीवर होती: खांडा. रुंद, जड पात्याची तलवार. टोकाकडे धार, आणि एका कडेला मुठीपासून पुढे जाड पोलादी पट्टी, वडिलांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली.

वाचनालयात ‘खांडा : अर्थ आणि उगम’ हे मास्तरांचे व्याख्यान ठरले, आणि त्या पट्टीला साडेसाती लागली.

“खंड म्हणजे तुकडा. खंड करतो तो खांडा!” मास्तर गरजले. “कुणी हा शब्द खड्गाकडे ओढतात, ओढोत बापडे! पण तोडणं हाच ज्याचा अर्थ, त्याची कड बोथट? पट्टी काढून धार लावून आणतो.”

“अहो, हात लावू नका. बाबा डावा हात तिथंच ठेवायचे, दोन्ही हातांनी घाव घालायला.”

“तुझ्या बाबांना व्युत्पत्ती कुठं ठाऊक होती?”

“नव्हती हो. म्हणून तर सगळी बोटं शाबूत राहिली!”

ती गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेली, तेवढ्यात मास्तरांनी धारवाला गाठला. पट्टी उपटली गेली, भंगारात पडली.

व्याख्यानात “तुकडे! तुकडे!” म्हणत मास्तरांनी खांडा उचलला. एका हाताला पेलेना. डावा हात आधाराला गेला, तो थेट नव्या धारेवर. अर्थ तळहातावर उमटला.

“मास्तर, उगम सापडला का?” पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारले. सभा खदखदली. मागे बसलेली बायको मात्र धावली, पदराने हात आवळून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

परतताना तिने धारवाल्याकडे पट्टी मागितली. भंगारवाला केव्हाच सारे घेऊन गेला होता.

“मी शोधून आणतो गं,” मास्तर पुटपुटले.

“कुठून? व्युत्पत्तीतून?”

त्या रात्री ती शिवणयंत्रापाशीच झोपली. सकाळी एका हाताने सदऱ्याची बटणे लागेनात, तेव्हा तीच पुढे झाली. डोळे पुसत एकेक बटण लावत गेली. मास्तर, आयुष्यात प्रथमच, गप्प उभे होते.

हे कृपाळा, तो हात भरून येवो, ते मौन टिको. जी वडिलांची खूण गमावूनही नवऱ्याची बटणे लावते, त्या माउलीच्या घरी तुझी सावली अखंड राहो.