चाचांची सात नंबरची कमान

मंगळवार, दसऱ्यानंतरचा पहिला. वेळ सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. ठिकाण: जालन्याबाहेरचा जुना दगडी रेल्वेपूल, कमानी अकरा. हजर: आमचे इंजिनीअर साहेब, मोजमापाचं सामान घेऊन आलेले दोन तंत्रज्ञ, इंजिनाचा ड्रायव्हर, खडीने भरलेले तीन डबे (त्यांनाही मी हजेरीत धरते, कारण ते आले नाहीत तर काम होत नाही), मी स्वतः आणि चाचा. चाचांच्या नावापुढे मी कंसात लिहिलं होतं, 'बोलावलेलं नाही.'

अख्ख्या जालना जिल्ह्यात चाचांपेक्षा भित्रा माणूस नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते. ते रेल्वेच्या पूल-गँगचे मुकादम होते आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. मुकादम म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा त्यांच्यात एकही गुण नाही. आवाज बारीक, चाल सावध, आणि कुठल्याही छताखाली शिरण्याआधी वर बघायची सवय. आमच्याकडे चहाला आले की पंख्याच्या बरोबर खालची खुर्ची सोडून बसणार. घरात कुकर चढला की शिट्ट्या होईपर्यंत अंगणात उभे राहणार. एकदा त्यांच्या सुनेने गंमत म्हणून चौथी शिट्टी होऊ दिली, तर ते कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाऊन पोचले होते. लेकीकडे जाफराबादला जायचं तर एसटी सुटण्याआधी ड्रायव्हरला विचारणार, "झोप बराबर झाली ना साहेब?" ड्रायव्हर चिडला तर खूश होणार, कारण त्यांच्या मते चिडलेला माणूस जागा असतो. भाच्याच्या लग्नात मंडपाचे सगळे खांब हाताने हलवून पाहिले आणि मंडपवाल्याला दोन ठिकाणी दोर पुन्हा आवळायला लावला. मंडपवाला म्हणाला, "चाचा, दोन दिवसांचा मांडव हाय, काय किल्ला न्हाई." चाचा म्हणाले, "पडायला दोन दिवस लागत न्हाईत रे." त्यानंतर बिर्याणी त्यांनी उघड्या आकाशाखाली, ताट हातात घेऊन, उभ्यानेच खाल्ली.

सीताफळ तर बघण्यासारखं खातात. बी घशात अडकेल म्हणून प्रत्येक बी बोटाने काढून डाव्या तळहातावर ठेवतात, आणि शेवटी फळाच्या आकाराकडे आणि बियांच्या ढिगाकडे आळीपाळीने बघतात, हिशेब जुळला की नाही ते ठरवायला. मी स्वतः यादी करून जगणारी बाई. घरात भिंतीवर यादी, पर्समध्ये यादी, ऑफिसात रजिस्टर. मला माणसाचं घाबरणं म्हणजे न केलेली यादी वाटायची. जे तपासायचं ते लिहा, तपासा, खूण करा; मग घाबरायला उरतं काय? चाचांना मी हे सांगितलंही होतं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या घरातला गॅसचा सिलिंडर कुठे आहे ते विचारलं.

आता पुलाविषयी. मुख्य रेल्वेमार्ग शेजारच्या नव्या पुलावरून जायला लागल्यापासून हा जुना पूल नुसता उभा होता. वर बोरी-बाभळी, खाली शेळ्या. मग शहरातली छोटी रेल्वेगाडी स्टेशनपासून पुढे, कारखान्यांच्या बाजूच्या वस्त्यांपर्यंत न्यायचं ठरलं. नवा पूल बांधायला वेळ फार, म्हणून जुन्याच कमानी तपासून, दुरुस्त करून वापरायच्या. त्या कामाच्या नोंदी ठेवायला मी. पहिल्याच आठवड्यात मी साहेबांना म्हटलं, या पुलावर तीस वर्षं काम केलेला माणूस माझ्या गल्लीत आहे, त्याला विचारून घेऊ.

चाचा आले. खिशातून लहानशी हातोडी काढली आणि एकेका कमानीच्या पायाशी जाऊन दगडावर हलके ठोकायला लागले. ठोकायचं, कान लावायचा, डोळे मिटायचे. त्यांच्या गँगची हीच रीत होती. घट्ट दगड खणखणीत बोलतो, आतली भर वाहून गेली असेल तर आवाज मुका येतो. बहुतेक कमानींची त्यांनी तारीफ केली. "ही बोलून राह्यली. ही जरा कुरकुर करती, पण मनाची साफ हाय." एका कमानीला मात्र त्यांनी लांबूनच सलाम केला आणि वळसा घालून पुढे गेले. मी तेव्हा मागे राहिले होते, टेप गुंडाळत. परत आल्यावर म्हणाले, "लिहा ताई. सात नंबर मुकी हाय. बिलकुल मुकी. आमचा एक पण माणूस तिच्याखाली डबा खात नव्हता."

मी लिहिलं: 'कमान क्र. ७, आतून पोकळ असल्याची शक्यता.' खाली रेघ मारली. साहेबांची यंत्रं दर तिसरी कमान तपासत होती. माझ्या नोंदीवरून त्यांनी सातही तपासली, आत थोड्या फटी मिळाल्या, जुन्या बांधकामात त्या मिळतातच. पंपाने सिमेंटचा रस भरून त्या बुजवल्या. मी 'पूर्ण' अशी खूण केली. त्या दिवसांत चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जाफराबादला लेकीकडे होते, म्हणून हे काम त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ही हकिगत लिहायची वेळ आली नसती.

तर मंगळवार. खडीचे डबे इंजिनाने हळूहळू ढकलत पुलावर न्यायचे, आणि कमानी किती दबतात ते खालून घड्याळासारख्या तबकड्यांवर वाचायचं, असा कार्यक्रम होता. तबकड्या मधल्या तीन कमानींखाली, पाच, सहा आणि सात. एक तंत्रज्ञ पाच नंबरखाली लाकडी घोडीवर चढून बसला होता, दुसरा सहा आणि सातच्या मध्ये. साहेब वर, हातात हिरवं निशाण. मी खाली, रजिस्टर घेऊन, वेळ टिपायला. इंजिनाची शिट्टी झाली आणि डबे पहिल्या कमानीवर आले. दगडांतून घरघर उतरायला लागली. पाखरं उडाली.

मी मान वळवली तर चाचा एका कमानीच्या सावलीत, खांबाला पाठ टेकून निवांत सीताफळ खात बसलेले. मी बोटाने कमानी मोजल्या. सात.

"चाचा, उठा तिथून! सात नंबर आहे ती!"

"कोण?"

"ही! तुम्हीच सांगितलेली मुकी!"

चाचांनी मागे न बघता हात उलटा करून दगडावर थाप मारली. "ही? ही तर पाच. सगळ्यात शहाणी पोरगी हाय ही. मला काय मरायचंय का सातच्या खाली बसून?"

"पाच कशी? एक, दोन, तीन..." मी स्टेशनच्या बाजूने मोजायला लागले.

"तिकडून कोण मोजतं?" चाचा हसले. "आमची गँग परतूरकडून यायची ना ताई. हत्यारांची खोली तिकडच्या अंगाला. एक नंबर तिकडची."

मला आठवतं ते असं. अकरातून सात गेले चार, त्यात एक मिळवला पाच. हा हिशेब मी उभ्या उभ्या केला. चाचांची सात म्हणजे आमची पाच. जी पोकळ होती तिला कुणी हात लावला नव्हता, आणि तिच्याखाली, लाकडी घोडीवर, एक माणूस मान वर करून बसला होता. वर डबे दुसरी कमान सोडत होते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खरंच आला नाही. तोवर चाचांनी माझ्या नजरेच्या रेषेत बघितलं, तो माणूस पाहिला, डबे पाहिले.

आणि चाचा पळाले.

पुलाकडे नव्हे. कुणाला वाचवायला वगैरे नव्हे. पुलाकडे पाठ करून, एका हातात अर्धं सीताफळ, डोळ्याच्या हिरव्या पट्टीवर दुसरा हात, सत्तरी ओलांडलेला माणूस नदीच्या वाळूतून सरळ नाकासमोर धावत सुटला आणि आयुष्यभर बारीक असलेला त्यांचा आवाज त्या दिवशी कमानींवर आपटून अकरा वेळा परत आला: "भागो! सात के नीचे से भागो रे!" घोडीवरच्या माणसाने कसली सात, कसली पाच, काही विचारलं नाही. मुकादम पळतोय म्हटल्यावर त्याने उडी मारली. दुसराही पळाला. मी पळाले. वरून साहेबांना फक्त एवढंच दिसलं की खालची सगळी माणसं वाळूतून धावतायत. त्यांनी निशाण फेकून दोन्ही हात वर केले. डबे तिसऱ्या कमानीवर थांबले.

डबे मागे घेतल्यावर साहेबांनी आमच्या पाच नंबरला भोक पाडायला लावलं. दगडाच्या पहिल्या थरानंतर ड्रिल एकदम आत गेलं, लोण्यात जावं तसं, पार मुठीपर्यंत. साहेब माझ्या बाटलीतलं सगळं पाणी प्यायले. मी त्यांना रजिस्टर उघडून दाखवलं. सात, खाली रेघ, खूण. "चूक माझी आहे," मी म्हटलं. कुठून मोजलं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. चाचा लांब बाभळीखाली बसले होते, धाप लागलेली. मी गेले तर मला म्हणाले, "रडू नका ताई. मी कमान सांगितली, तुम्ही नंबर लिहिला. दोघं पण बराबर." मग हातातलं सीताफळ बघून घाबरून विचारलं, "पळताना बी गिळली तर न्हाई ना मी?"

त्या दिवसापासून भीती माझ्याकडे राहायला आली आहे. जिन्याच्या पायऱ्या मी कुठून मोजते, औषधाच्या पट्टीतली पहिली गोळी कुठली, दवाखान्याचा 'दुसरा मजला' तळमजला धरून की सोडून, सगळं दोनदा विचारते. घरचे हसतात. मी जुनी रजिस्टरं काढून सगळ्या खुणा पुन्हा तपासल्या. प्रत्येक कमानीला आता दोन नंबर आहेत, स्टेशनकडून पांढऱ्या रंगात आणि परतूरकडून पिवळ्या. पाच नंबर भरली, महिनाभर सुकू दिली, डबे पुन्हा नेले, तबकडीचा काटा जेमतेम हलला. त्या दिवशी घोडीवर बसायला मात्र कुणी तयार नव्हतं. शेवटी साहेब स्वतः बसले.

गाडी सुरू होण्याआधी साहेबांनी देखभालीची यादी करायला सांगितली. चौदा कलमं मी तासाभरात लिहिली. दर पंधरा दिवसांनी सगळ्या कमानी ठोकून ऐकणे, हे सहावं. जबाबदार व्यक्ती म्हणून चाचांचं नाव घालायचं ठरलं, म्हणून त्यांना पुलावर घेऊन गेले. त्यांनी पहिल्या कमानीवर हातोडी मारली, कान लावला, डोळे मिटले. पुन्हा मारली, जरा जोरात. मग तिसऱ्यांदा. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांना तसं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. पंख्याला, कुकरला, एसटीला घाबरणारा चेहरा वेगळा होता.

"ताई," ते म्हणाले, "बोलती का मुकी, मला आता समजून न्हाई राह्यलं. तुम्हाला काय ऐकू आलं?"

मी म्हटलं, "चांगली बोलली, चाचा." मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनाही ते कळलं असावं. हातोडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पायवाटेने निघाले. वाटेत म्हणाले, "मी घाबरायचो म्हणून पूल उभा व्हता असं न्हाई. पण कुणीतरी घाबरायला पायजे."

संक्रांतीपासून ते जाफराबादलाच असतात, लेकीकडे. मी रविवारी सकाळी जाते, पिवळ्या नंबरांनी एक ते अकरा, प्रत्येक कमानीला तीन वेळा ठोकते. मला सगळ्या सारख्याच ऐकू येतात. वस्तीतली माणसं विचारतात, गाडी कधी सुटणार? मी सांगते, लवकरच. बाकीच्या तेरा कलमांपुढे नावं लिहून झाली आहेत. सहाव्या कलमापुढची जागा अजून भरायची आहे.