टीव्हीचं दावं

'पंचावन्न इंची टीव्ही, एकच मालक, कमी वापर, कसलाही दोष नाही.' मोबाइलवरच्या जाहिरातीत मी एवढंच लिहिलं होतं. त्यातले इंच आणि मालक तेवढे खरे होते.

मी बियाण्यांच्या कारखान्यात उगवणशक्ती तपासतो. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते पाहायचं आणि पिशवीवर छापलंय तसाच माल आत आहे की नाही ते सांगायचं. दाण्यांशी मी कधी खोटं बोललो नाही. माणसांशी मुळात बोलतच नाही, त्यामुळे तिकडेही नाव बरं आहे.

टीव्ही आईसाठी घेतला होता. वडील गेल्यावर तिला अंबड तालुक्यातल्या गावाहून जालन्याला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि आठवड्याच्या आत भिंतभर टीव्ही लावला. नातेवाईक म्हणाले, पोरगा असावा तर असा. माझंही मत तेच होतं. आईला सोबत पाहिजे होती, ती मी दुकानातून आणून भिंतीला ठोकली आणि मोकळा झालो. कामावरून आलो की दारातूनच विचारायचं, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले." की झालं मायलेकाचं बोलणं.

आई टीव्ही बघत नसे, टीव्हीशी बोलत असे. तेही सगळा मजला ऐकेल एवढा आवाज ठेवून. सकाळच्या कीर्तनकाराला सांगायची, "घसा बसला जणू महाराज, काढा घ्या." बातम्या देणाऱ्या बाईला, "सकाळधरनं उभीच हे माय, बस जरा." संध्याकाळच्या मालिकेत एक मुलगा होता. मोठ्या बंगल्यातला, आईच्या खोलीकडे न फिरकणारा. त्याची मात्र ती सालपटं काढायची. एका संध्याकाळी म्हणाली, "आरं मुडद्या, दोन सबूद बोल की तिच्यासंगं! जेवलीस का म्हून इचारतो अन् निघून जातो. तिनं काय तुझ्याकडं खानावळ लावली का?"

मालिकेतला तो मुलगा आईला 'जेवलीस का' असं कधीच विचारत नसे. मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं होतं.

टीव्ही विकायचं मी त्या संध्याकाळी ठरवलं. घरात सांगितलं ते कारण वेगळं. पोरीची बारावी आहे, शांतता पाहिजे. आपल्याकडे बारावी म्हटली की सगळं माफ असतं. लग्नं पुढे जातात, पाहुणे दारातून परत जातात. बायको म्हणाली, "आत्याबाई दिवसभर काय करतील मग?"

"जप करतील," मी म्हणालो. जप आईनं आयुष्यात केला नव्हता.

बायकोनंच तिला ते सांगितलं. आई म्हणाली, "इका बाबा. लेकराचा अभ्यास मोठा. मी बोलन भिंतीसंगं." टीव्ही गेला की आमच्या घरात तिच्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी मोबाइल काढून टीव्हीचे फोटो घेतले. चांगले आले.

टीव्हीला एक दोष होता. तासभर चालला की उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ यायची. बंद करून पुन्हा लावला की जायची. म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धा तास दाखवला की काम भागत होतं. दाण्यांची परीक्षा घेणाऱ्याला परीक्षा कुठे थांबवायची तेही कळतंच.

जाहिरात टाकल्यावर माणुसकीचा पूर आला. रामराम नाही, नमस्कार नाही, "लास्ट काय?" एकानं बदल्यात पंप नसलेला कूलर आणि वर एक बोकड देऊ केला. बोकडही एकाच मालकाचा होता का, ते विचारायचं राहिलं. एक गृहस्थ बायकापोरांसह आले, सोफ्यावर मांडी ठोकून त्यांनी मॅच पाहिली, दोनदा चहा घेतला, आपली विकेट पडली तसे उठले आणि विचार करून सांगतो म्हणाले. अजून विचार चालू असावा.

शेवटी एक जोडपं आलं. अंबडकडच्या एका गावात चौकात त्यांचं चहाचं हॉटेल होतं. सोबत टेम्पो, टेम्पोत वाकळ आणि सुतळी. नवऱ्याला चौकाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडायची सवय असावी. हॉलमध्ये बसूनही तो रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलत होता.

आई पदर सावरत बाहेर आली. आधी गाव विचारलं, मग सोयरे विचारले, मग मुद्द्यावर आली. "टीव्ही कशाला लागतो?"

"हाटेलात लावतो आजी. लोक बसत्यात, बघत्यात, दोन कप जास्त जात्यात."

"म्हंजी दिवसभर चालंल?"

"बंदच न्हाई व्हायचा."

"त्याच्यासंगं कोणी बोलंल का पण?"

तो हसला. "आजी, आमच्या चौकात लोक टीव्हीलाच शिव्या देत्यात, एकमेकाला न्हाई."

"मंग चांगल्या घरी जाऊन राह्यला," आई म्हणाली. लेकीचं स्थळ पसंत पडावं तसा तिचा चेहरा झाला होता.

मी टीव्ही लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. "जल्दी बघून घ्या, मला ड्यूटीला जायचंय." त्या दिवशी मला सुट्टी होती.

"थांबा," आई म्हणाली. "घाई करू नका. तासाभरानं त्याच्या उजव्या अंगाला हिरवी रेघ येती. ती बघून घ्या अन् मंग भाव करा."

"केबलमुळे येते ती," मी गिऱ्हाइकाजवळ पुटपुटलो.

"केबलची हे म्हणत्यात आजी!" तो ओरडला.

"केबलची न्हाई, त्याचीच हे. पर खोड हे, रोग न्हाई. आमचा बाप बैल इकायला नेला की आधी खोड सांगायचा. मारका तं मारका, बसका तं बसका. खोड झाकून इकलं तं घेणाराचा तळतळाट आपल्या खुंट्यापर्यंत येतो."

"बिलकुल बराबर," तो म्हणाला. "आता अशी माणसं न्हाई राह्यली." हे म्हणताना तो माझ्याकडे पाहत होता.

मग आम्ही सगळे रेघेची वाट बघत बसलो. नेमकी त्या दिवशी ती उशीर करायला लागली आणि मला आशा वाटू लागली. अखेर आली. "आली बघा!" आई म्हणाली, नातीचा पहिला नंबर आल्यासारखी. रेघ एका बोटाएवढी, पण भाव हातभर उतरला.

भाव ठरल्यावर त्यानं बाजारातला शेवटचा प्रश्न विचारला. "बैल चांगला आसला तरी इचारावं लागतं आजी. इकायला का काढला?"

"मुलीची बारावी," मी पुढे होऊन म्हणालो. "घरात अभ्यास होत नाही."

तेवढ्यात मुलगी आतून आली, पाठीला बॅग, पायात चप्पल. "पप्पा, मी अभ्यासिकेत चालले." आणि गेली. वर्षभर ती रोज तिथेच जात होती. घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायची.

गिऱ्हाइकानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. त्याची बायको पदराआड हसली.

"माझेच डोळे दुखत्यात," आई म्हणाली. "मीच म्हणलं, काढून टाक."

आई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. टीव्हीची बोटभर रेघ तिला झाकवली नाही, आणि माझी अख्खी खोड तिनं पदराखाली घेतली. तेव्हाच मला बोलता आलं असतं. मी गिऱ्हाइकाला विचारलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

टीव्ही भिंतीवरून उतरला, वाकळेत गुंडाळला गेला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, त्या बाईची ओटी भरली. टेम्पोत चढता चढता नवऱ्याला आठवलं. "रिमोट राह्यला की!"

रिमोट आईच्या कमरेला खोचलेला होता. तिनं त्यावर हात ठेवला. "दावं देत नसत्यात."

"अरे हां!" तो कानाला हात लावत म्हणाला. "ध्यानातच न्हाई राह्यलं आजी."

मी म्हणालो, "अहो, रिमोटशिवाय चालवणार कसा तुम्ही?"

दोघांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जणू आत्ताच परदेशातून उतरलो होतो. "सर," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "जनावर जातं, दावं मालकाच्या दारात राहतं. दाव्यासंगं लक्ष्मी राहती. रिमोट काय, बाजारात दुसरा भेटतो."

संध्याकाळी आई आपल्या जागेवर बसली. समोर भिंतीवर स्क्रूची भोकं आणि न मळलेला एक चौकोन. मालिकेची वेळ झाली. रिमोट मांडीवर होता. भिंतीशी बोलेन म्हणाली होती, पण भिंतीशीही बोलली नाही. मी दारातून विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "जेवले." अजून स्वयंपाक व्हायचा होता.

मी आत आलो आणि तिच्या शेजारी बसलो. खाली बघत, माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आई, बारावीसाठी नाही विकला."

"काय?"

"त्या मालिकेतल्या पोराला तू बोलायचीस ना, ते मला लागायचं."

"ऐकू न्हाई येऊन राह्यलं बाबा. मोठ्यानं सांग."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. टीव्हीचा आवाज एवढा का लागायचा, ते. आईला ऐकू कमी येतं हे मला माहीतच नव्हतं, कारण 'जेवलीस का' हे ऐकू न येताही समजतं. दारात मी दिसलो की 'जेवले' म्हणायचं, एवढंच तिला करावं लागत होतं. आणि मी दाण्यातला जीव ओळखायचा पगार घेतो.

मग मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. "तू मला बोलतीस, म्हणून विकला! मला लाज वाटायची, म्हणून विकला!"

स्वयंपाकघरात पोळपाटाचा आवाज थांबला.

"आसं बोल की मंग," आई म्हणाली. "तो मुडदा तूच हे, हे काय मला म्हाईत न्हाई व्हय?" मग तिनं मालिका सुरू होताना घ्यायची तशी मांडी नीट घातली. "आणखी काय?"

आणखी काहीच नव्हतं. मग थोडं निघालं. कारखान्यातलं, वडिलांचं, त्यांच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांचं. सगळं ओरडून. कबुली द्यायला माणसं देवासमोर कुजबुजतात. मला ती सुविधा मिळाली नाही.

दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधले काका होते. तेही मोठ्यानंच म्हणाले, "नवा टीव्ही आणला का आजी? आवाज येऊन राह्यला म्हणून इचारलं."

"न्हाई, जुनाच हे," आई माझ्यावर रिमोट रोखत म्हणाली. "खोड आधीच सांगते. घडीघडी बंद पडतो."