यमूची शाळा आणि माझी काठी

यमू गेली त्याला आज सात आठवडे झाले. माझी अकरा वर्षांची एकुलती एक मुलगी, गिरणीच्या रस्त्यावर, भर सकाळी, माझ्या हाताला धरून चालताना डोक्यात दगड बसून गेली. तिच्या शाळेचे आभार मानावेत म्हणून मी परवा चार ओळींचं पत्र लिहिलं होतं... ‘शाळेने आमच्या दुःखात जी साथ दिली तिच्याबद्दल आम्ही उभयता ऋणी आहोत’ वगैरे. ते फाडून टाकलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरी पत्र खोटं होतं. त्याच शाळेच्या दारात मी एका लहान मुलीला मारायला काठी घेऊन गेलो होतो, हे त्यात कुठेच नव्हतं. ते सांगितल्यावाचून माझ्या आभारांना काही अर्थ नाही.

यमू गरीब पोर नव्हती. गेलेल्या मुलांविषयी लोक गोड बोलतात. मला ते जमणार नाही. ती चावायची. देवळाच्या ओट्यावरून उड्या मारून तिनं पुढचा दात अर्धा पाडून घेतला होता आणि तो अर्धा दात दाखवत ती कुणालाही भिडायची. वर्गात गोदी नावाची मुलगी तिच्या शेजारी बसे. गोदीचा बाप तुकाराम मूळचा कुंभारी गावचा, आमच्याच गिरणीत मागावर कामाला. एकदा कुणीतरी मुलगी गोदीला म्हणाली, तुझ्या परकराला गिरणीच्या तेलाचा वास येतो. यमूनं पाटी उचलली आणि त्या मुलीच्या खांद्यावर अशी घातली की पाटीचे तुकडे झाले. शाळेच्या मुख्य शिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणतं. चाळिशीच्या, किडकिडीत, लहानपणीच नवरा गेलेल्या. त्यांच्यासमोर मी यमूला माफी मागायला सांगितलं, तर ती म्हणाली, “तिनं आधी तोंड उघडलं की!” मोठ्या बाईंनी तिला आठवडाभर वर्ग झाडायला लावला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हिला मारू नका हं घरी. हिचा राग चुकीच्या जागी उतरला, पण उगवला होता बरोबर जागी.”

मी मारलं नाही. पण पुढे एकदा मारलं, ते आता सांगतो. मी गिरणीच्या फाटकावर हजेरी लिहिणारा कारकून. भोंगा संपला की फाटक बंद करायचं आणि बाहेर राहिलेल्यांची गैरहजेरी मांडायची, हे माझं काम. एके दिवशी जेवताना यमू म्हणाली, “बाबा, भोंगा वाजत असतानाच आत आलेल्या माणसाची पण तुम्ही गैरहजेरी मांडता? गोदीचे बाबा सांगत होते.” माझा उष्टा हात तिच्या गालावर बसला. भाताची शितं तिच्या कानाला चिकटली. ती रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे खरं आहे.” आणि ताटावरून उठून गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी संप झाला. गिरणीपुढच्या रस्त्यावर सकाळपासून माणसं जमू लागली. आम्ही कारकून मंडळी कामावर जात होतो, म्हणून आमच्यावर त्यांचा विशेष दात. पहिल्या दिवशी शिव्या ऐकल्या, दुसऱ्या दिवशी शेण अंगावर आलं, तिसऱ्या दिवशी माझ्या सोबतच्या एकाचं कपाळ फुटलं. चौथ्या दिवशी सकाळी मी यमूला म्हणालो, “आज माझ्याबरोबर चल. गिरणीवरून तुला शाळेत सोडतो.”

ती म्हणाली, “पण ही वाट लांबची आहे की, बाबा.”

“गप चल.”

शाळकरी पोरीचा हात धरलेल्या माणसाला कुणी दगड मारणार नाही, हा माझा हिशेब होता. हे मी आजवर फक्त दोन माणसांजवळ बोललो. आज तुम्हा सगळ्यांना सांगतो आहे... मी माझ्या मुलीला ढाल करून नेलं.

फाटक वीस पावलांवर असेल. डावीकडून आरडाओरडा उठला, पोलिसांच्या लाठ्या चालू झाल्या, माणसं मागे रेटली गेली आणि दगड सुटले. एक माझ्या भुवईवर बसला. रक्तानं डोळे भरले. दुसरा तिच्या कानाच्या वर बसला. देवापुढं नारळ फोडतात तसा आवाज झाला. माझ्या हातातला तिचा हात एकदम जड झाला. मी रक्त पुसून पाहिलं तर तुकाराम तिच्यावर वाकलेला, त्याच्या दोन्ही हातांना रक्त, छातीशी यमू. मी ओरडलो. तो तिला घेऊन पळाला. मी त्याच्या मागे पळालो, तेवढ्यात एक लाठी माझ्याच पाठीत बसली आणि मी पडलो.

शुद्धीवर आलो तो सरकारी दवाखान्यात. यमू दुपारी गेली. तोंडातून अवाक्षर न काढता गेली. ज्या पोरीनं जन्मात कधी शेवटचा शब्द दुसऱ्याला बोलू दिला नाही, ती. फौजदारानं विचारलं, दगड कुणी मारला? मी म्हणालो, “तुकारामनं. मी पाहिलं.” मी काहीही पाहिलं नव्हतं. तिथं शंभर हात होते. पण मला शंभर हातांवर रागावता येत नव्हतं. मला एक तोंड हवं होतं.

तुकारामला त्याच संध्याकाळी धरलं. त्याला फार मारल्याचं कानावर आलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला तेवढ्या एकाच गोष्टीनं बरं वाटायचं. यमूची आई माझ्याशी बोलेनाशी झाली होती. त्या दिवशी यमू गिरणीच्या रस्त्यावर कशी, एवढं एकच तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं हातातला तांब्या माझ्यावर फेकला, नंतर स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटलं, आणि त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. अक्कलकोटहून तिचा भाऊ न्यायला आला, तर त्याच्याबरोबरही गेली नाही. माझ्या हातचं पाणी घेईना. शाळेच्या दोन शिक्षिका पाळीपाळीनं रोज दुपारी येत, तिला भरवत, वेणी घालून देत. त्या माझ्याकडे डबा ठेवून निघून जात. मला वाटे, यांना काय जातंय.

दहाव्याबाराव्यानंतर कुणीतरी सांगितलं की गोदी शाळेत येऊ लागली आहे आणि यमूच्याच बाकावर बसते.

मी कोपऱ्यातली वेताची काठी उचलली. रस्ताभर मला दुसरं काही दिसत नव्हतं. त्या पोरीला वेणीला धरून बाकावरून ओढायची, शाळेबाहेर काढायची, पुढे काय करायचं ते माझ्या डोक्यात होतं, आणि ते मी इथं लिहू शकत नाही. ऊन मी म्हणत होतं. शाळेत दुपारचे वर्ग चालू होते. मी अंगणातून ओरडतच शिरलो, “कुठं आहे ती तुकारामची कार्टी?” वर्गातून किंकाळी ऐकू आली. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काठी खाली ठेवा.”

“बाजूला व्हा, बाई.”

“मी होणार नाही.”

मी काठी उगारली. त्यांनी उजवा हात आडवा धरला. मी जोर आवरला नाही. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, माझ्यामागे उभ्या असलेल्या शाळेच्या शिपायालाही आला. शिपाई मला धरायला धावला, तर बाईंनी डाव्या हातानं त्याला थांबवलं. मागे न बघता त्या मुलींना म्हणाल्या, “बाराचा पाढा. सगळ्यांनी. मोठ्यानं.” आणि पोरी रडत रडत, ओरडत, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस म्हणू लागल्या. बाईंचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही हात पाहिलात का? दगड मारणारा हात?”

माझी नजर त्यांच्या लोंबत्या मनगटावर गेली.

“मला नका सांगू. पण तिला सांगा,” असं म्हणून त्यांनी हाक मारली, “गोदे.”

पाढा थांबला. गोदी बाकावरून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या पायांखालची फरशी ओली झाली होती. ती इतकी लहान होती, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माझ्या डोक्यात ती तुकारामएवढी उंच झाली होती.

“काका,” ती म्हणाली, “माज्या बाबांनी तिला उचललं. दवाखान्यापत्तर पळत नेलं. तिचं रगत होतं त्यांच्या अंगावर. त्यांनी न्हाय मारलं... यमीला का मारतील ते? ती आमच्याकडं जेवायची की.”

काठी केव्हा पडली ते मला आठवत नाही. मी दारातच खाली बसलो. मोठ्या बाई त्या मोडक्या हातानिशी माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, लांबच्या वाटेचंसुद्धा. यमूच्या आईनंतर ते ऐकणाऱ्या त्या दुसऱ्या. त्यांनी ‘असू द्या’ म्हटलं नाही. ‘तुमचा दोष नाही’ म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “आधी फौजदाराकडे जा. मग मला दवाखान्यात न्या. या क्रमानंच.”

मी जबाब फिरवला. फौजदारानं मला वेडा ठरवलं, शिव्या दिल्या. पण आठवड्याभरानं तुकारामला सोडलं. गिरणीतली माझी नोकरी गेली, ते ठीकच झालं. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तुकाराम माझ्या दारात आला. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं. मी पाया पडायला वाकलो तर तो मागे सरला.

“पाया पडू नगा. म्या तुमाला माफ केल्यालं न्हाय,” तो म्हणाला. “एवडंच सांगाया आलो. दवाखान्यापत्तर पोरीत जीव हुता. माज्या अंगरख्याला घट धरलं हुतं तिनं. ती एकटी नव्हती... तिच्या आईला सांगा.”

आतून यमूची आई दारापर्यंत आली होती. तिनं ते स्वतःच ऐकलं. तुकाराम गेल्यावर कितीतरी वेळ ती त्या रस्त्याकडे बघत उभी होती.

मोठ्या बाईंनी शाळा चालवणाऱ्या मंडळींना सांगितलं की पायरीवरून घसरून हात मोडला. शिपायाला गप्प बसवलं. मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना खरं कळावं, म्हणूनही हे लिहितो आहे. त्या पायरीवरून घसरल्या नाहीत. तो हात मी मोडला.

हाताला प्लॅस्टर घातल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता पोलीस असतील. बाई वर्गात उभ्या होत्या, हात गळ्यातल्या झोळीत. त्यांनी डाव्या हातानं खडू माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, “मला फळ्यावर लिहिता येत नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. हात तुम्ही मोडलात, तेव्हा लिहायचंही तुम्हीच. रोज दोन तास.”

मी म्हणालो, “या वर्गात? या मुलींसमोर? त्या मला घाबरतात.”

“घाबरू देत. रोज बघतील तर घाबरणं कमी होईल. तुमचंही.”

तेव्हापासून मी रोज त्या वर्गात उभा राहतो. बाई सांगतात, मी लिहितो. पहिले आठ दिवस माझी पाठ वळली की मागे एवढी शांतता पसरायची की खडूचा आवाज माझ्या दातांत शिरायचा. पुढच्या बाकावर गोदी. एकदा लिहिता लिहिता हातच थांबला, पुढचं अक्षर येईना. बाईंनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा सांगितलं, आवाज न चढवता, मी लिहीपर्यंत. पुढे त्या शिक्षिकांनी यमूच्या आईलाही बरोबर आणायला सुरुवात केली. ती मागे भिंतीशी बसते, मुलींची शिवणाची टाके उसवलेली कामं दुरुस्त करते. एके दिवशी मी भूगोलाचा धडा लिहीत होतो, नद्यांची नावं, आणि मागून आवाज आला, “ओळ खाली चाललीय. सरळ लिहा.” मी वळलो नाही. वळलो असतो तर ती पुन्हा बोलली नसती असं मला वाटलं. मी ओळ पुसली आणि सरळ लिहिली. पाच आठवड्यांनी ती माझ्याशी बोलली होती.

माझा राग गेलेला नाही. गिरणीचा भोंगा झाला की अजून माझ्या मुठी वळतात, आणि मग कुणावर वळल्या हे आठवून त्या मलाच उघडाव्या लागतात. यमू असती तर तिनं ते माझ्या तोंडावर सांगितलं असतं. आता सांगायला कुणी नाही, म्हणून मी वर्गात जातो.

गेल्या सोमवारी मोठ्या बाईंचं प्लॅस्टर काढलं. मंगळवारी मी वर्गात गेलो, फळा पुसला, खडू टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला, आणि म्हणालो, “येतो, बाई. आता तुम्हाला लिहिता येईल.”

त्यांनी उजवा हात वर केला. माझ्यासमोर, सगळ्या वर्गासमोर, त्यांनी बोटं हळूहळू मिटली, उघडली, पुन्हा मिटली. सगळी बोटं नीट वळत होती. मग खडू उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

“अजून दुखतो,” त्या म्हणाल्या. “लिहा.”