कपाटातलं घड्याळ

शांती नगरात मी पाण्याचे जार पोहोचवतो. आठवीत शाळा सोडून नांदेडहून आलो, तेव्हा घरात बसवून चहा देणारे इथले एक काका पहिलेच.

मुलाने पाठवलेल्या घड्याळाचं त्यांना भारी कौतुक. "खिशातल्या घड्याळांपासून सुरुवात केली रे ह्या कंपनीने! आता सेलपण लागत नाही, उजेडावर चालतं." ठेवायचे मात्र रुमालात गुंडाळून कपाटात. परवा मुलगा येणार म्हणून काढलं, तर आतल्या तिन्ही छोट्या तबकड्यांसकट बंद.

"तूच घाल आज. उन्हात फिरतोयस."

ओरखडा पडेल या धास्तीने दिवसभर हात जपला. संध्याकाळी चालू झालेलं घड्याळ परत दिलं, तरी काका हसले नाहीत.

"तुझ्या काकूनेही साड्या अशाच जपून ठेवल्या रे. नेसायच्या राहिल्या, आणि ती गेली."